भिंतीत कोंबलेले तुकडे

गुण्यामिस्त्रीनं बसवलेला पत्रा गुण्या लावून काटकोनात आहे का ते तपासायची कुणाची छाती नव्हती. नावच त्यावरून पडलेलं. चाळीस वर्षं सिमेंटचे पत्रे कापले, छपरांवर चढवले, पण एकाही मालकानं परत बोलावलं नाही, हे तो चहाच्या घोटागणिक ऐकवायचा.

थोरली लेक मात्र त्याच पत्र्यांच्या मुळावर उठलेली. जुन्या इमारती पाडण्याआधी असल्या पत्र्यांच्या सिमेंटात मिसळलेलं अॅस्बेस्टॉस हुडकायचं, ही तिची नोकरी.

“बाबा, पत्रा धड आहे तोवर ठीक. कापला-फोडला की त्याची बारीक कुसं उडतात, फुप्फुसात रुततात. वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतात.”

“मग मला का नाही धाड भरली?”

“तुमच्या जोडीदाराला भरली ना.”

पत्रा धरणारा तो जोडीदार खोकून खोकून गेला होता.

एकदा जेवताना लेक म्हणाली, “जुन्या दवाखान्याचे पत्रे ओले करून अख्खेच उतरवले, प्लास्टिकात गुंडाळून पाठवलेसुद्धा. उद्या आतल्या भिंती फोडतील. साध्या फळ्यांच्या आहेत, तिथं काही नाही.”

मिस्त्रीनं उचललेला घास परत ताटात ठेवला. ते छप्पर त्याचंच. कापून उरलेले तुकडे तीन मजले उतरवायचा कंटाळा, म्हणून त्यानं ते वरच्या दोन मजल्यांतल्या भिंतींच्या पोकळीत कोंबले होते अन् वरून झकास फळ्या ठोकल्या होत्या. सांगावं तर इभ्रत जाते. म्हणून तो नुसताच पाणी प्याला.

सकाळी मात्र पाय आपसूक तिकडं वळले. आत गड्यांनी घण उचललेले, बाजूला लेक कामावर उभी.

“काय मिस्त्री, छप्पर काढलं म्हणून रुसून आलात?” मुकादमानं डिवचलं.

“घण खाली ठेवा! भिंतीत पत्र्याचे तुकडे आहेत. मीच कोंबलेत. कंटाळा केला होता.”

“गुण्यामिस्त्रीचा कंटाळा! ऐका रे!”

गडी हसले. लेक हसली नाही. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला पट्टी लावली. अंगभर झगा, तोंडाला मास्क चढवून आत गेली, फट ओली केली, एकच फळी अलगद सैल करून बॅटरी मारली. परतली ती थेट बापापाशी.

“कुठवर भरलेत?”

मिस्त्रीनं खडू मागितला. अंगणातल्या फरशीवर अख्खा मजला काढला. कुठल्या भिंतीत, किती हात उंचीपर्यंत, सगळं. मुकादम वाकून बघत राहिला.

“बाबा, उद्या परत या. दुसरा मजलाही काढून द्या.”

हल्ली मिस्त्री चहावर वेगळंच सांगतो. “चाळीस वर्षांत कुणी परत बोलावलं नव्हतं. बोलावलं ते माझ्या पोरीनं!”