खोटं बोलणारी शेळी आणि आमची सावड

फोन माझा, गोष्ट माझी, आणि तिचा शेवट ऐकला दुसऱ्यांनी. मी त्या वेळी डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून चालले होते. वर्ष झालं, तरी आठवलं की डोकं फिरतं.

आधी लेकीचं सांगते. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही तिला मोहोपाड्याला माझ्या बहिणीकडं शिकायला ठेवलं. भिवपुरीजवळच्या आमच्या गावातली शाळा चौथीला संपते, पुढच्या शाळेत ती दोन वर्षं नुसती जाऊन येत होती. बहिणीचे यजमान तिकडं कारखान्यात आहेत, कॉलनीजवळच चांगली शाळा आहे. ठरवलं आम्ही, तिला विचारलं नाही. बारा वर्षांच्या मुलीला काय विचारायचं, असं तेव्हा वाटलं होतं. निघताना ती रडलीसुद्धा नाही. टमटममध्ये बसली, दप्तर मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "मला तुझी आठवण येणार नाही. आणि दिवाळीला मी येणार नाही."

मीही काही कमी नाही. "नको येऊस," म्हटलं. टमटम वळेपर्यंत दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

मग दर रविवारी दुपारी एकला फोन. जेवलीस का? हं. अभ्यास? हं. मावशीला त्रास देत नाहीस ना? नाही. मिनिटभरात संपायचं. फोन ठेवल्यावर मी नवऱ्यावर उगाच खेकसायची आणि तो बिचारा गोठ्यात जाऊन बसायचा.

जुलैच्या शेवटी एकदा तीच आपणहून म्हणाली, "आई, तू पुस्तक ऐकतेस का?"

"पुस्तक वाचतात," मी म्हटलं.

"ऐकतात पण. पाठवते तुला."

तिनं पाठवलं. लहान मुलांची कादंबरी, जादूची. डोंगराच्या पोटात एक गाव असतं, तिथं एका मुलीचा भाऊ अडकलेला असतो. त्याला आणायला मुलगी निघते आणि वाटेत तिला एक शेळी भेटते. ही शेळी बोलते, पण नेहमी खोटंच बोलते. "पूल भक्कम आहे, खुशाल जा," म्हणाली की मुलीनं समजायचं, पूल मोडका आहे. आणि प्रत्येक खोट्यानंतर शेळी हळूच "ब्यॅ" करते. वाचणाऱ्या बाईंनी तो ब्यॅ असा काही काढलाय की खोपोलीच्या बसमध्ये, कानात इअरफोन घालून, मी एकटीच फिस्सकन हसले. शेजारच्या बाई सरकून बसल्या.

मी खोपोलीला एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून आहे. चाळिशीच्या बाईनं शेळीच्या गोष्टी ऐकायच्या म्हणजे जरा लाजच वाटायची. पण मला ते पुस्तक मनापासून आवडलं. भाकऱ्या थापताना, धुणं वाळत घालताना, कुठंही मुलगी त्या अंधाऱ्या गावात शिरली की माझा हात थांबायचा. आणि नेमका तिथंच व्यत्यय. नवरा विचारणार, "बॅटरी कुठं ठेवलीस?" नाहीतर मधेच जाहिरात सुरू होणार: डोंगराच्या कुशीत, नदीकाठी, तुमचं दुसरं घर. आमच्याच मागच्या माळाचे प्लॉट विकायची जाहिरात मला ऐकवत होते. मला पहिलंच घर आवरता आवरत नव्हतं.

पण रविवार बदलले. आठवड्याला दोन प्रकरणं, त्यापुढं कुणी जायचं नाही, असा आमचा करार झाला. एक वाजला की ती "आई, ते दार!" असंच सुरू करायची. शेळीवरून ती मैत्रिणींवर यायची, मैत्रिणींवरून गणिताच्या बाईंवर. पुस्तकाची प्रकरणं तीस. सत्ताविसावं झालं की थांबायचं आणि शेवटची तीन दिवाळीच्या सुट्टीत, घरी ओटीवर बसून, दोघींनी एकत्र ऐकायची, हेही तिनंच सुचवलं. मी "बरं" म्हटलं. दिवाळीला येणार नाही म्हणाली होतीस, याची आठवण मी करून दिली नाही. तेवढी अक्कल मला होती.

आणि मग कापणी आली.

आमच्याकडं अजून सावड आहे. घरटी एक बाई, आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस फेडायचा. मी ऑफिसात दहा दिवसांची रजा टाकली. आमच्या शेताची पाळी शेवटची होती. पहिल्या दिवशी मी इअरफोन लावून ओळीत बसले, तर मोठी जाऊ विळा हातात धरून म्हणाली, "कानात बोळं घालून सावडीला येतात काय गं? आमी काय बोलायचंच नाय तुज्याशी?"

खरं तर तिचं बरोबर होतं. सावडीत आणलेली कुठलीच वस्तू एकटीची नसते, मग ती पानाची चंची असो नाहीतर चहाची किटली. मी मुकाट्यानं इअरफोन काढले आणि फोन बांधावर ठेवून मोठ्यानं लावला. ही माझी चूक. पहिल्यापासून लावला, मला काय, ऐकलेलंच होतं.

बायका अशा काही रंगल्या की विचारू नका. काकी, म्हणजे नवऱ्याची चुलती, सत्तरीच्या आहेत आणि अजून ओळीत कुणाला ऐकत नाहीत. त्या सारखं म्हणायच्या, "खोटारडी मेली. तिला बरोबर घेतलीच कशाला पोरीनं?"

"पन काकी, ती एकसारखं खोटं बोलते," मोठी जाऊ म्हणायची. "म्हनून तर कळतं. आपल्याकडची मानसं मदीच खरं बोलतात, तिथं पंचाईत हाय."

तीन दिवसांत पंचवीस प्रकरणं झाली. आदल्या दिवशी जी आली नव्हती तिच्यासाठी मागचं पुन्हा सांगायचं, ते माझ्याकडं. चौथा दिवस रविवार होता. सकाळीच मी सगळ्यांना बजावलं: सत्ताविसावं संपलं की बंद करायचं, पुढचं लेकीबरोबर ऐकायचंय. "हो गं, बंद करू," सगळ्या म्हणाल्या.

त्या दिवशी काकींच्या शेतात पाळी होती. आधी कापून वाळत टाकलेल्या भाताचे भारे पलीकडच्या तुकड्यातून, गोष्ट ऐकू येत नाही तिथून, खळ्यावर न्यायचे होते. "तू ऑफिसात बसून असतेस, तुज्या अंगात जोर हाय," असं म्हणून ते माझ्या डोक्यावर. ऑफिसात बसून माणूस दमतं हे आमच्या गावात कुणाला पटत नाही. सव्विसावं प्रकरण सुरू असताना मी पहिला भारा उचलला. खळं चार शेतांपलीकडं. एक झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला नवऱ्यानं खळ्यावर थांबवून पाणी मागितलं. मी मनात हिशेब करत होते, आता सत्ताविसावं संपत असेल, आता बंद करतील.

पण सावडीत ओळ कुणासाठी थांबत नाही. एखादी पाण्याला गेली, पोराला पाजायला बसली, तरी बाकीच्या कापत पुढं जातात, मागं राहिलेलीनं येऊन गाठायचं. गोष्टीलाही त्यांनी तोच नियम लावला. शिवाय एक प्रकरण संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं, आणि चिखलाच्या हातानं माझ्या फोनला हात लावायचा कुणी? असं त्या नंतर म्हणाल्या. मला ते अजून पटलेलं नाही.

मी सहावा भारा डोक्यावर घेतला होता तेव्हा लांबून फोनची रिंग ऐकू आली. एक वाजला होता. मी तिकडं वळले आणि चालायचा वेग वाढवला, भाऱ्यासकट. पाहते तर काकींनी पदराला हात पुसून फोन कानाला लावलेला. त्यांना मोठ्यानंच बोलता येतं.

"कोन, पोरी? आई भारा टाकाय गेलीय. अगं, ऐकलीस का ती शेळी? भाऊ घावला गं! आन् शेवटाला ती पोर घरी निघते, तर शेळी काय म्हनते, जा बाई, मला काय तुजी आठवन येनार नाय. आन् ब्यॅ करते. मी रडले गं, खरंच रडले!"

मी भारा तिथंच टाकला. लोंब्या आपटून दाणे चिखलात झडले, काकी त्यावरून वर्षभर बोलतात. फोन हिसकावून घेतला तेव्हा पलीकडं कुणी नव्हतं.

मला भयंकर राग आला. सगळ्या बायका डोळे पुसत विळे घेऊन उभ्या, आणि ज्या पुस्तकासाठी मी तीन महिने जीव टांगून ठेवला त्याचा शेवट मला काकींच्या ओरडण्यातून कळला. "तुमचं काय जातं हो?" एवढंच म्हटलं. काकींना बिचाऱ्यांना कळलंही नाही त्यांनी काय केलं. त्या म्हणाल्या, "चांगलाच तर झाला शेवट."

संध्याकाळी फोन लावला तर बहीण म्हणाली, "ती बोलायचं नाही म्हणते. दिवाळीला यायचं नाही असंही म्हणतेय. तू ऐकून टाकलंस ना सगळं, तिला न सांगता?"

"मी नाही ऐकलं!" मी ओरडले. "मी एकटीच अशी आहे जिनं नाही ऐकलं!" बहिणीला ते अर्थातच कळलं नाही.

आठवडाभर रोज फोन केला, रोज "अभ्यास करतेय". शेवटची तीन प्रकरणं मी उघडलीच नाहीत. उघडावीशीही वाटेनात. जूनमध्ये विचारलं असतं तर, हे एकच डोक्यात फिरत होतं, आणि त्याचा राग काकींवर काढता येत नव्हता.

पुढचा रविवार आमच्या शेताचा. मी फोन कमरेला खोचला होता, बांधावर ठेवलाच नाही. सगळ्या मुकाट कापत होत्या, काकीसुद्धा. एकला रिंग वाजली. मी ओळीतून उठून उभी राहिले.

"बाळा, ऐक, मी ऐकलेलं नाही, मी भारे टाकत होते, या बायकांनी..."

ती मधेच म्हणाली, "आई, मी दिवाळीला येणार नाही."

माझं टाळकंच सटकलं. सगळं सांगितल्यावरही तेच. ओठावर आलं होतं, नको येऊस, तुझी मर्जी.

"आणि मला तुझी आठवण येत नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, अगदी बारीक आवाजात, "ब्यॅ."

माझ्या हातातला विळा खाली पडला. "नकोच येऊस," मी म्हटलं. "करंज्या करणार नाहीये मी. ओटीसुद्धा सारवणार नाहीये."

पलीकडं ती वाट बघत होती. इकडं आठ बायका विळे थांबवून माझ्याकडं बघत होत्या. सावडीची ओळ त्या दिवशी पहिल्यांदाच कुणासाठी तरी थांबली. आणि मी भर शेतात, मोठ्यानं, ब्यॅ केलं.