भाकरीच्या पिशवीतला वटवट्या

शुक्रवारची सुट्टी शहाणी माणसं झोपून काढतात. मी सौदीतल्या जुबैलबाहेरच्या तळ्याकाठी बोरूच्या बेटात चिखल तुडवत होतो आणि दर दोन मिनिटांनी जाळीकडे पळत होतो. वसंतात उत्तरेकडे निघालेले पक्षी तिथे दम खायला उतरतात. झिरझिरीत जाळीत अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, सुती पिशवीत घालून दोरीला टांगायचा, मग मोजमाप घेऊन, पायात नंबराचं कडं घालून उडवून द्यायचा. वर्षभर मी नुसत्या पिशव्या टांगल्या होत्या. त्या दिवशी आमचे उस्ताद, प्लांटमधले निवृत्तीला टेकलेले मल्याळी सुपरवायझर, कडं घालायची पक्कड पहिल्यांदा माझ्या हातात देणार होते.

पिशव्या बायकोने माझ्या जुन्या लुंग्यांच्या शिवल्या होत्या. उरल्या तुकड्यात भाकऱ्यांसाठीही एक. चौकडा तोच, नाडी तीच.

"जरा बसा हो एका जागी," काठावरच्या घडीच्या टेबलाशी डबे लावत ती म्हणाली. "नाहीतर तुम्हालाच टांगीन दोरीला."

मी एक वटवट्या, बोरूतला चिमुकला पक्षी, पिशवीत घालून आणला, पिशवी टेबलावर ठेवली, हात धुतले, टेबलावरची पिशवी ऐटीत दोरीला लावली आणि पक्कड घेऊन सज्ज झालो. उस्तादांनी बाळंतपण करावं तशा हळुवारपणे पिशवीत हात घातला आणि तांदळाची भाकरी बाहेर काढली.

"भाईसाब, ये कौन-सी चिड़िया है?"

सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. बायको मात्र हसत नव्हती.

"अहो, दुसरी पिशवी मी भाकऱ्यांची समजून डब्यांच्या टोपलीत ठेवली. गाडीत."

गाडी उन्हात, काचा बंद. मी धावलो, एक चप्पल चिखलातच राहिली. पिशवी उघडली तर चोच वासलेली, डोळे अर्धे मिटलेले.

बायकोने अबायाची कड धरून सावली केली. उस्तादांनी पक्षी माझ्या तळव्यावर ठेवला. दहा-बारा ग्रॅमचा जीव, आणि छातीची धडधड माझ्या कोपरापर्यंत.

"कडं?" मी विचारलं. लाज वाटते, पण विचारलं.

"थके पंछी को कुछ नहीं पहनाते. जाने दो."

"उड की रे बाबा," मी म्हणालो.

"त्याला तरी घाई करू नका!" बायको म्हणाली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तो एकदम उठला आणि पाण्यालगत उडत बोरूत शिरला. थोड्या वेळाने आतून खरखरीत वटवट ऐकू आली. तोच होता की दुसरा, सांगता येईना. पायात नंबर कुठे होता?