बोर्डाचा पूर्ण विश्वास

माझा नवरा बास्केटबॉलचा कोच आहे असं सांगितलं, की कार्डिफच्या आमच्या मराठी मंडळातला माणूस समजुतीने मान हलवतो, हातातला समोसा संपवतो आणि विचारतो, "छान. पण जॉब कुठे करतो?" मंडळात निम्मे डॉक्टर आणि उरलेले आयटीतले. मी स्वतः भूलतज्ज्ञ, हॉस्पिटलात कायम, त्यामुळे माझ्याबद्दल कोणाला शंका नसते. नवरा मात्र बायकोच्या जिवावर बॉल आपटत बसलेला गृहस्थ. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. आताही येतो, फक्त मंडळासाठी समोसे करणं मी बंद केलं आहे.

खरं तर त्याच्याकडे चांगली नोकरी होती. कार्डिफमधल्या युनिव्हर्सिटीच्या संघाचा तो कोच होता. कायम जागा, पेन्शन, उन्हाळ्यात लांबलचक सुट्टी. पुण्यात कॉलेजच्या संघातून खेळलेला, इथे शिकायला आलेला आणि इथल्या कॉलेजातच रुजलेला माणूस. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. मग तासाभरावरच्या एका गावातल्या प्रोफेशनल क्लबने त्याला बोलावलं. प्रोफेशनल या शब्दाने दिपून जाऊ नका. लेझर सेंटरमधला, म्हणजे गावच्या सार्वजनिक क्रीडासंकुलातला एक हॉल, तीन-चार अमेरिकन खेळाडू आणि लोकांच्या घरांमागे काचेच्या खोल्या बांधून देण्याचा धंदा असलेला एक चेअरमन. करार एकेका वर्षाचा. पण तिथे लोक तिकीट काढून मॅच बघायला यायचे, आणि हे त्याने आयुष्यात कधी अनुभवलं नव्हतं. तो गेला. मीच म्हटलं जा म्हणून.

पुण्याला फोनवर सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी आधी टीव्ही बंद केला. सगळी हयात त्यांनी बँकेत काढलेली. मग म्हणाले, "पर्मनंट सोडलीस?" किडनी विकलीस का, असं विचारावं तसं.

पहिली दोन वर्षं क्लब जिंकत होता. फेसबुकवर लोक लिहायचे, कॉलेजातला कोच आहे, म्हणून शिकवतो कसा बघा. तिसऱ्या वर्षी हरायला लागले, तर तेच लोक लिहायला लागले, कॉलेजातलाच कोच शेवटी, त्याला मोठ्या माणसांचा खेळ काय कळणार. उचलली जीभ लावली टाळ्याला. एका अमेरिकन खेळाडूने चेअरमनकडे तक्रार केली, की हा आम्हाला शाळकरी पोरांसारखा गुडघे वाकवून बचाव शिकवतो. त्याचे गुडघे वाकत नव्हते म्हणून तर संघ हरत होता, पण ते कोण सांगणार?

नेमके त्याच हिवाळ्याच्या तोंडावर, ऑक्टोबरात, सासरे आमच्याकडे राहायला आले. सासूबाई गेल्यानंतर पुण्याचं घर त्यांना खायला उठत होतं, म्हणून सहा महिन्यांच्या व्हिसावर आम्ही त्यांना बोलावून घेतलं. आल्या आल्या चौकशी सुरू झाली.

"इथे प्रोबेशन किती असतं?"

"बाबा, कोचला प्रोबेशन नसतं," नवरा म्हणाला.

"मग कन्फर्म कधी करतात?"

"कन्फर्म करतच नाहीत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. निदान तू तरी खरं सांग, असा चेहरा.

तरी प्रत्येक घरच्या मॅचला ते यायचे. मफलर, माकडटोपी, थर्मास. बास्केटबॉलचे नियम त्यांना शेवटपर्यंत नीट कळले नाहीत, आणि त्यांचं लक्षही बॉलकडे नसायचं. ते चेअरमनचा चेहरा बघत बसायचे. साहेबाचा मूड ओळखण्यात जन्म गेलेला माणूस तो. गाडीत परत येताना सांगायचे, "आज साहेब दोनदा हसले," किंवा "आज साहेब लवकर उठले रे." नवरा स्टिअरिंगवर डोळे ठेवून "हं" म्हणायचा.

जानेवारीत आणखी एक मॅच हरले आणि दुसऱ्या दिवशी क्लबच्या वेबसाइटवर दोन ओळींचं निवेदन आलं. प्रशिक्षकांवर बोर्डाचा पूर्ण विश्वास आहे, अशा अर्थाचं. मी ते हॉस्पिटलात, दोन ऑपरेशनांच्या मध्ये वाचलं आणि मला हायसं वाटलं. आमच्या थिएटरमधली नर्स जन्मापासून वेल्सची, फुटबॉल आणि रग्बीवर वाढलेली. तिला मी आनंदाने ते वाचून दाखवलं. तिने हातातलं काम थांबवून माझ्या दंडावर हात ठेवला.

"ओ नो, लव्ह. आय ॲम सो सॉरी."

मग तिनेच समजावलं. या देशात कोचवर पूर्ण विश्वास जाहीर केला, की त्याने सामान बांधायला घ्यायचं. विश्वास असतो तेव्हा कोणी जाहीर करत नाही. इतकी वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं. इंग्रजांची सभ्यता मला एरवी आवडते, पण त्या दिवशी ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते मला नीट कळलं.

संध्याकाळी घरी आले तर दारातच वेलचीचा वास. स्वयंपाकघरात बाबा दुधाच्या पावडरीचे पेढे वळत बसले होते. कृती यूट्यूबवरून, कढई माझी, आणि ओट्यावर सगळीकडे तूप.

"गंगेत घोडं न्हालं एकदाचं," ते म्हणाले. "वाचलंस ना? बोर्डाचा ठराव आहे. पूर्ण विश्वास. म्हणजे झाला की कायम!"

मी फडकं घेऊन ओट्यावरचं तूप पुसायला लागले. सासूबाईंच्या आजारपणानंतर या माणसाला मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने नवरा आला. त्याला त्या निवेदनाचा अर्थ सकाळीच कळला होता, ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. बाबा उठले, आणि बूटही न काढलेल्या त्या सहा फुटी माणसाच्या तोंडात त्यांनी पेढा घातला. पाठीवर थाप मारली. "शाब्बास," म्हणाले. दहावीच्या निकालाला तरी म्हणाले होते की नाही, कोण जाणे. नवऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पेढा चावायला लागला.

रात्री मी त्याला म्हटलं, "सांग त्यांना."

"सांगतो," तो म्हणाला. "पेढे संपू दे."

पण पेढे संपेनात, कारण बाबांनी क्लबसाठीही केले होते. शनिवारी मॅचच्या आधी डबा घेऊन ते थेट चेअरमनसमोर उभे राहिले. मी मागे होते आणि जमीन दुभंगायची वाट बघत होते.

"थँक यू, सर," बाबा त्यांच्या बँकेतल्या इंग्रजीत म्हणाले, "फॉर कन्फर्मिंग माय सन."

चेअरमनचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "वेल," तो म्हणाला, "दॅट्स... व्हेरी काइंड." एक पेढा खाल्ला. बाबांनी आग्रह केला म्हणून दुसराही खाल्ला. आमच्याकडे नाही म्हणायची जी पद्धत असते ती त्याला येत नव्हती.

त्या दिवशी क्लब जिंकला, तोही चांगल्या फरकाने. गुडघे न वाकणारासुद्धा वाकून खेळला. बाबांना त्यात नवल वाटलं नाही. "माणूस कायम झाला की मन लावून काम करतो," ते मला म्हणाले. आणि मला, या मूर्ख बाईला, क्षणभर वाटलं की कदाचित वाचला.

मंगळवारी सकाळी मला सुट्टी होती. नवरा प्रॅक्टिसला निघायच्या तयारीत, जिन्याच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. बाबा रोज चहाबरोबर पेपर वाचावा तशी क्लबची वेबसाइट वाचायचे. ते टॅबलेट घेऊन बाहेर आले.

"अरे," ते म्हणाले, "बूट घालू नकोस."

नवऱ्याने वर पाहिलं. बाबांनी चष्मा सारखा केला आणि एकेक शब्द वाचून दाखवला. क्लब आणि मुख्य प्रशिक्षक यांनी म्युच्युअल कन्सेंटने वेगळं होण्याचं ठरवलं आहे. चेअरमन नंतर फोन करणार होता. ऑफिसातल्या कोणीतरी बातमी आधीच टाकून दिली होती.

"तू कन्सेंट दिलास?" बाबांनी विचारलं.

"नाही. मला आत्ताच कळतंय."

"मग म्युच्युअल कसं?"

यावर नवरा हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून. तेवढ्यात फोन वाजला. चेअरमन म्हणाला, "देअर्स नो ईझी वे टू से धिस," आणि नवरा म्हणाला, "इट्स ओके. माय डॅड ऑलरेडी डिड."

बाबा हसले नाहीत. ते भयंकर संतापले होते. मेमो नाही? चौकशी नाही? आमच्याकडे शिपायाला काढायचं तरी दोन वर्षं लागायची! युनियन कुठे आहे? मग मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पूर्ण विश्वासाचा अर्थ सांगितला. जो आधी सांगायला हवा होता तो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हा दोघांना तेव्हाच माहीत होतं."

"हो, बाबा."

"आणि मी त्या माणसाला पेढे दिले," ते म्हणाले. "दोन खाल्ले त्याने!"

आठवड्याच्या शेवटी युनिव्हर्सिटीतून फोन आला. त्यांचा कोच सोडून चालला होता. परत येतोस का? तीच जागा, कायम, पेन्शनसकट. नवऱ्याने विचार करायला दोन दिवस मागून घेतले. त्याला जायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. परत जायचं म्हणजे फेसबुकवरच्या त्या लोकांचं म्हणणं खरं ठरवायचं. मला मात्र त्याने जावं असं वाटत होतं. महिनोन् महिने झोप न लागणाऱ्या माणसाशेजारी झोपून मी थकले होते, आणि मी दिवसभर दुसऱ्यांना झोपवते. मी तसं बोलूनही दाखवलं. आमचं चांगलंच वाजलं.

बाबा कोणाच्या बाजूने असणार हे ठरलेलंच होतं. पण जेवताना त्यांनी पेन्शनबद्दल विचारलंच नाही. वेगळंच विचारलं.

"तिथे मॅच बघायला कोण येतं?"

"कोणी नाही," नवरा म्हणाला. "बुधवारी दुपारी असतात मॅच. एखाद्या पोराची गर्लफ्रेंड येते. आईवडील तर नाहीच येत."

तो हे टोचायला बोलला नव्हता. त्याला काय, आहे ते त्याने सांगितलं. पण पुण्यात कॉलेजची सगळी वर्षं तो खेळला, आणि बाबा एकाही मॅचला गेले नव्हते. बँक होती, आणि खेळाने पोट भरत नाही असं त्यांचं मत होतं. हे लग्नाच्या आधी त्यानेच मला एकदा सांगितलं होतं, पुन्हा कधी बोलला नाही. बाबांनी भाताचे ढीग केले, मोडले. मी आमटी वाढू का विचारलं, तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

"अगं, माझं परतीचं तिकीट पुढे ढकलता येईल का?" त्यांनी मला विचारलं.

"तिकीट येईल बाबा, पण व्हिसा तेवढाच आहे. एप्रिलच्या सुरुवातीला जावंच लागेल."

"मग तोवर," ते नवऱ्याकडे न बघता म्हणाले, "किती बुधवार मिळतील?"

नवरा ताटावरून उठला. त्याने हात धुतले, फोन उचलला आणि युनिव्हर्सिटीला निरोप ठेवला, की मी सोमवारपासूनच आलो तर चालेल का.