पाहुण्याच्या दिवसाचं ताट

साक्रीकडच्या आमच्या गावात झुंबरबाई सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं, त्यामुळे कुणाच्याही चुलीपर्यंत तिला वाट मोकळी. म्हणूनच १९८९ साली धुळ्याच्या डॉक्टर अभिमन पाटलांनी तिला हाताशी धरलं. इसबगोलाच्या भुशीनं रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं का, हे त्यांना प्रबंधासाठी पाहायचं होतं. चाळीस माणसं धुळ्याची, चाळीस आमची. झुंबरबाईनं रोज सकाळी दारोदार भुशी पाजायची. दर मंगळवारी डॉक्टरांनी येऊन ताटातलं अन्न तोलायचं आणि वहीत टिपायचं.

तीन महिन्यांनी धुळेकरांचं कोलेस्टेरॉल उतरलं. आमचं मुळातच कमी होतं, ते जागचं हललं नाही. वहीत मात्र दोन्हीकडचं खाणं सारखंच दिसत होतं: गहू, वरण, वर तूप.

डॉक्टर झुंबरबाईच्या ओट्यावर येऊन बसले. गावानं भुशी उकिरड्यावर फेकली असणार, तसंच प्रबंधात लिहावं लागेल, असं अगदी हळू म्हणाले.

झुंबरबाईला खरं कारण ठाऊक होतं. खरं सांगायचं म्हणजे घराघराची झाकली मूठ उघडायची, आणि सोमवारी संध्याकाळी 'उद्या डॉक्टर येस' म्हणून गावभर सांगत फिरणारी तीच. पण गावाला खोटं म्हटलेलं तिला सोसेना.

"डॉक्टरभाऊ, भुशी एक चमचा वाया गई नही. मी उभी राहीसन पाजेल शे. खोटं ते ताट शे. तुम्ही येतस त्या दिन तूप लायेल गहूनी बट्टी ऱ्हास. पाहुनाले कोनी कळणानी भाकर दावस का?"

गुरुवारी भर दुपारी, कुणाला न सांगता, तिनं त्यांना कुवरसिंग, दगडीबाई अशी सात घरं फिरवली. दगडीबाईनं घाईघाईनं ताटावर पदर टाकला आणि झुंबरबाईला चार शिव्या हासडल्या.

"झाकू नको वं," झुंबरबाई म्हणाली. "याच ताटमा आपली खरी बात शे."

पदराखाली कळण्याची भाकरी होती, ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेली. सोबत अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. तूप नाही. डॉक्टर ताटाजवळ बसले आणि भाकरीचा तुकडा मोडून पाहू लागले. या पोटांत कोंडा-साल रोजचीच. वरून चमचाभर भुशीनं आणखी काय उतरणार? शहरात कोंडा चाळून काढलेली कणीक, सोललेली डाळ, वर तेल-तूप, तिथं भुशीला करायला काम होतं. भुशी तीच, पण पडते कोणत्या खाण्यावर, ते आधी बघायला हवं होतं.

त्यांनी जुन्या नोंदी बाद केल्या आणि आणखी तीन महिने, वार न ठरवता, ताटं तोलली. प्रबंध पास झाला.

त्याची एक प्रत घेऊन ते गावी आले आणि आभाराचं पान वाचून दाखवलं. पहिलं नाव झुंबरबाईचं, प्राध्यापकांच्याही आधी. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग विचारलं, दगडीबाईचं कुठंय, कुवरसिंगचं कुठंय.

ती नावं नव्हती. डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं. झुंबरबाई घरागणिक नावं सांगत गेली, ते मांडीवर प्रत ठेवून लिहीत गेले, चाळीसच्या चाळीस.