पहिला कनायुक

१४ मे १९७६ रोजी उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या वस्तीत अकिनिसीला सहकारी दुकानात स्वतः कोरलेल्या दगडी मूर्तीचे ४३ डॉलर ५० सेंट मिळाले. त्यातून तिने चहा आणि पीच फळांचा एक डबा घेतला आणि ती उलायूच्या घरी गेली. उलायू ही तिची नाळ कापणारी सुईण. दुपारच्या विमानाने उलायूला दक्षिणेच्या इस्पितळात नेणार होते.

"डबा कशाला आणलास, माझ्या घडवलेल्या बाई?" उलायू म्हणाली. सुईण आपल्या हातून जन्मलेल्या मुलीला अशीच हाक मारी. "मला कनायुकचं कालवण हवंय."

कनायुक म्हणजे तळाच्या दगडांत पडून राहणारा, मोठ्या डोक्याचा काटेरी मासा. सील मिळाला की त्याच्याकडे कोणी बघत नसे. वस्तीत कोणी "त्या वर्षी कनायुक खाल्ला" म्हणाले, की पुढे कोणी काही विचारत नसे. उपासमार हा शब्द उच्चारावा लागत नसे.

मुलाने धरलेला प्रत्येक जातीचा पहिला जीव त्याच्या सुईणीला द्यायचा, अशी रीत होती. अकिनिसीने सातव्या वर्षी पहिला कनायुक धरला, तो १९४२ चा उपाशी वसंत होता. आईने तो धाकट्या भावाला शिजवून घातला. पहिला दिल्याशिवाय दुसरा धरायचा नाही, म्हणून चौतीस वर्षे तिने त्या माशासाठी गळ टाकला नव्हता.

"सुईणआई, तुमचा मासा आम्ही खाल्ला."

"ठाऊक आहे गं. वास आमच्या तंबूपर्यंत आला होता. म्हणून तर मागतेय. जा, विमान तीनला आहे."

अकिनिसी समुद्रावरच्या बर्फातल्या भेगेपाशी पालथी पडली. गळाला लाल चिंधी बांधून तो खालीवर हलवत राहिली. नवरा युआनासी चहा घेऊन आला.

"तोंडच जास्त असतं गं त्याला. अगदी दुकानाच्या मॅनेजरसारखं."

"गप्प बसा. तुमच्या आवाजाने पळेल."

दोन वाजायच्या सुमारास दोरी जड झाली. मासा वर आला तेव्हा डोक्यावरून विमान गेले. धुके येणार म्हणून वैमानिक उलायूला घेऊन लवकर निघाला होता.

तिने मासा गळातून सोडवला. युआनासी म्हणाला, "घरी शिजव."

"हा माझा नाही."

तिने मासा भेगेत सोडला.

जूनमध्ये इस्पितळातून निरोप आला, उलायू गेली. अकिनिसी अजून तिचा एक कनायुक देणे लागते.