मागचे चार नट

माझ्या नवऱ्याला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही. हे मी चारचौघांत सांगते आणि त्याच्यासमोर सांगते. शेजारच्या काकूंच्या कढीलिंबाला पालवी फुटली की शिरीष आमच्या कुंडीला आधी शिव्या घालतो आणि मग खत. कोणाच्या घरी जेवायला गेलो आणि आमटी फक्कड झालेली असली, तर येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये तो गप्प असतो. त्याला राग आमटीचा नसतो. ती लोकांनी दोनदा मागून घेतली, याचा असतो.

अशा माणसाच्या वर्कशॉपात तन्मय आला.

शिरीष बुकित बातोकला एका लॉरी कंपनीत इंजिनं बघतो. आम्ही राहतो टॅम्पिनीसला, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पण डिझेलचा वास आमच्या फ्लॅटमध्ये वस्तीला आहे. पिंपरीच्या कारखान्यात तो इंजिन जोडायला शिकला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही आलंही नाही, आवडलंही नाही. वर्कशॉपचे मॅनेजर यंदा निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर शिरीषच बसणार, असं सगळे धरून चालले होते. शिरीषने तर मनातल्या मनात टेबलही खिडकीकडे सरकवून ठेवलं होतं.

आणि मग ती क्रेनवाली लॉरी आडवी आली. लिम अंकल ती चालवतात, साठी उलटलेले, शांत गृहस्थ. तिच्यावर कायम अवजड माल. इंजिनाच्या डोक्याखालची गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारा पातळ पत्रा, फाटायची, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे यायचे आणि लॉरी रस्त्यात उभी राहायची. शिरीषने दोनदा गॅस्केट बदलली, दोनदा डोकं आवळणारे नवे बोल्ट घातले. तिसऱ्यांदा लॉरी ओढून आणली तेव्हा कंपनीच्या बॉसने सगळ्यांना बोलावलं, आणि येऊन चार महिने झालेला तन्मय म्हणाला, बोल्ट ताणले जातायत, ते काढून स्टड घालूया.

हे मला शिरीषने जेवताना सांगितलं, एकेक शब्द चावून. बोल्ट डोक्यापासून फिरवत आत न्यावा लागतो. स्टड म्हणजे जाड सळई, तिचं एक टोक इंजिनाच्या ब्लॉकमध्ये हातानेच बसवायचं आणि वरून नट आवळायचा. सळई पिळली जात नाही, सरळ ताणली जाते, म्हणून पकड चांगली बसते.

"बरोबरच आहे की मग," मी म्हटलं.

"मलाही सुचलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणारच होतो."

बॉसने काम तन्मयलाच दिलं. लॉरी टिकली तर खुर्ची कोणाची, हे त्याने बोलून दाखवलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती. शिरीषच्या अंगाचा नुसता तिळपापड. आमची ऋग्वेदा ताटावरून उठताना इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "पप्पा सो जेलस, लाह." तिच्यावरही तो दोन दिवस घुम्यासारखा रागावला होता.

त्यांच्या वर्कशॉपात एक रीत आहे. नट आवळून झाला की आवळणाऱ्याने त्यावर आपल्या रंगाच्या पेनने रेघ मारायची. पुढे नट हलला तर रेघ तुटलेली दिसते, आणि काम कोणाचं तेही कळतं. शिरीषचा रंग पिवळा. तन्मयने निळा घेतला. आता निळ्यात वाईट काय आहे? पण त्या आठवड्यात मी निळा कुर्ता घातला, तर शिरीष म्हणाला, हा रंग तुला खुलत नाही.

तन्मय स्टड बसवत होता तेव्हा शिरीष चहाचा कप घेऊन लांब उभा राहायचा. नजर घारीची. आणि एका संध्याकाळी तो शीळ घालत घरी आला. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, वर माझ्या भाजीला चांगलं म्हणाला. मला संशय आला.

"काय झालं ते सांग."

"काही नाही. त्याचं ग्रीस संपलं."

मग त्याने समजावलं. स्टडबरोबर एक खास ग्रीस येतं, नटाच्या आट्यांना लावायचं. किती आवळायचं तो आकडा त्या ग्रीसच्या हिशेबाने ठरवलेला असतो. तन्मयने पुढच्या नटांना सढळ हाताने लावलं आणि मागच्या चार नटांना पुरलं नाही. त्याने साधं इंजिन ऑइल लावलं आणि आकडा मात्र तोच ठेवला. तेलाने आटे ग्रीसइतके सहज सरकत नाहीत. आवळायचा अर्धा जोर घासण्यातच जातो, स्टड हवा तेवढा ताणला जात नाही. पाना मात्र ठरलेल्या आकड्याला बरोबर टक् वाजतो, रेघही झोकात बसते. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणता काही कळणार नाही.

"तू त्याला सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? हुशार आहे ना तो."

मला राग आला, खरा राग. मी म्हटलं, "गॅस्केट फाटेल तेव्हा स्टिअरिंगवर तन्मय नसेल, लिम अंकल असतील. एक्स्प्रेसवेवर, मागे क्रेन घेऊन." तो उठून हात धुवायला गेला आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

शनिवारी दुपारी वर्कशॉप बंद असतं. शिरीष "जरा येतो" म्हणून गेला तो दिवेलागणीला परतला. वाढताना मला त्याच्या अंगठ्याच्या नखावर रंग दिसला. निळा.

मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "माणसावर जळतो मी. इंजिनावर नाही." चारही नट त्याने एकेक करून सोडले होते, जुन्या रेघा पुसून, स्वतःच्या कपाटातलं ग्रीस लावून पुन्हा आवळले होते.

"मग तुझी पिवळी रेघ का नाही मारलीस?"

"सगळ्या निळ्या आणि चारच पिवळ्या? विचित्र दिसतं ते." एवढं बोलून त्याने आमटी ओरपायला सुरुवात केली. तो खोटं बोलतो तेव्हा आमटी जोरात ओरपतो.

लॉरी टिकली. लिम अंकल तुआसच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारू लागले, पाण्यात एक बुडबुडा नाही. बॉसने तन्मयची पाठ थोपटली, आणि ती खुर्चीही त्याला दिली. शिरीष घरी आला आणि बूट न काढता सोफ्यावर बसला. मी आयुष्यात त्याला शंभर जणांवर जळताना पाहिलंय, पण स्वतःच्याच हातच्या कामावर जळणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

पुढच्या रविवारी तन्मय आणि त्याची बायको गार्गी पेढे घेऊन आमच्याकडे जेवायला आले. पोरगा वाईट नाही. शिरीषदादा, शिरीषदादा करत होता. भाताला तूप घेताना मात्र तो म्हणाला, "दादा, एक गंमत सांगू? मागच्या चार नटांना ग्रीस पुरलंच नव्हतं. तेल लावलं होतं. जाम टेन्शन होतं, पण बघा, मस्त धरलंय. म्हणजे ते महागडं ग्रीस थोतांडच. आता बाकीच्या लॉऱ्यांनाही स्टड घालायचेत, सरळ तेल वापरणार आहे."

शिरीषचा हात ताटातच थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. गप्प बसला असता तर एकेक लॉरी एकेका रस्त्यावर उभी राहिली असती, आणि तन्मयही खुर्चीवरून उतरला असता.

"तेल वापरू नकोस," शिरीष म्हणाला. "ते चार नट तुझे नाहीत. मी पुन्हा आवळलेत, ग्रीस लावून."

तन्मय आधी गोंधळला, मग हसला. गार्गीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. त्या पाहण्याचा अर्थ मला लगेच कळला. दादा असं म्हणणारच होते, असा तो अर्थ होता.

"दादा, रेघा निळ्या आहेत सगळ्या," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "मी मॅनेजर झालो म्हणून तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे."

मला बोलायचं होतं, निळं नख मी पाहिलं होतं. पण बायकोची साक्ष कोण धरतो? आणि शिरीष जळका आहे, हे मीच तर त्या दोघांना येता-जाता हसत सांगितलं होतं. जन्मभर केलेल्या जळफळाटाचं व्याज त्याला नेमकं खरं बोलल्याच्या दिवशी भरावं लागलं.

शिरीष चिडला नाही. म्हणाला, "उद्या त्या इंजिनाचं झाकण काढ आणि निळी रेघ खरवड. मागच्या चारांची."

पुढचं मला सोमवारी संध्याकाळी कळलं. तन्मयने झाकण काढलं, नखाने निळा रंग खरवडला, आणि खालून पिवळी रेघ निघाली. चारही नटांवर. शिरीषच्या हाताने सवयीने आधी पिवळीच ओढली होती, भानावर आल्यावर त्याने वरून निळी फिरवली होती. मग तन्मयने सगळ्यांना बोलावलं, बॉसलाही, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती, लॉरी दादांनी वाचवली, आणि मी काल त्यांच्याच घरी बसून त्यांना खोटं पाडलं. खुर्ची त्यांना द्या, असंही म्हणाला. बॉसने खुर्ची बदलली नाही, पण इथून पुढे प्रत्येक इंजिनाची शेवटची रेघ पिवळीच असेल, असं जाहीर केलं.

हे सगळं सांगताना शिरीषचा चेहरा पडलेला. मी म्हटलं, "अरे, आता तरी खूश हो. सगळ्यांना कळलं ना?"

"कळलं ना," तो म्हणाला. "जो तो म्हणतोय, तन्मयचं मन किती मोठं. लिम अंकलनी तर त्याला कॉफी पाजली."

"आणि तुला?"

"मलाही पाजली," तो म्हणाला. "पण त्याला आधी."