बहात्तरची वस्ती

मानवतच्या जिनिंगच्या पाठीमागं ओढ्यापर्यंत जी वस्ती पसरली, तिथं धुरपदाबाई पेडगावहून आली ती बहात्तरच्या दुष्काळात. नवरा लिंबाजी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा, ती जिनिंगमध्ये सरकी भरायची. लेक सगुणा मात्र शाळेत गेली. वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली पोरगी तीच, आणि हे धुरपदाबाई कुणी न विचारताही सांगायची.

शहात्तर साली सगुणाला परभणीहून डी.एड.च्या मुलाखतीचं बोलावणं आलं. मानवतपर्यंत आलं, घरी काही पोचलं नाही. पाकिटावर पत्ता एवढाच: लिंबाजी यांचे घर, जिनिंगच्या मागे. दीडशे घरं, त्यात चार लिंबाजी. वस्तीचं टपाल नाक्यावरच्या एका चहाच्या हॉटेलात पडायचं आणि ज्याचं त्यानं शोधून न्यायचं, असा रिवाजच होता. सगुणाचं पाकीट बिस्किटाच्या बरणीमागं सरकलं. सापडलं तेव्हा मुलाखत होऊन नऊ दिवस झाले होते.

सगुणा न जेवता भिंतीकडं तोंड करून पडली. धुरपदाबाई हॉटेलवाल्याशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाचा खाडा करून ती टपाल कचेरीत गेली. खिडकीत दिनकरराव होते, जुने कारकून.

"घरोघर आणून द्यायला आमची ना नाही बाई," ते म्हणाले. "पण घर ओळखायचं कसं? वस्तीला नाव नाही, घराला नंबर नाही."

"नंबर कोन टाकतं?"

"नगरपालिका. तुमची वस्ती त्यांच्या कागदावर आली, की टाकतील."

"आन् आमीच टाकले तर?"

दिनकररावांनी चष्मा कपाळावर चढवला. "मला काय, नंबर सलग पाहिजेत. आणि कुणाचा कुठला नंबर, अशी एक यादी आणून द्या."

संध्याकाळी वस्ती जमली. नंबर सगळ्यांना पटले, अडलं ते नावावर. बौद्धांच्या घरांना एक नाव हवं होतं, कुणब्यांच्या घरांना दुसरं. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. त्यात भुजंग उठला. वस्तीतलं पहिलं विटांचं घर त्याचं.

"एक नंबर माझ्या घराला," तो म्हणाला.

तेव्हा धुरपदाबाई पुढं आली. ती म्हणाली, "बहात्तरच्या आधी हितं कोन व्हतं, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"समदे एकाच साली आलाव. एकाच रस्त्यावर खडी फोडली. बहात्तरची वस्ती म्हना. आन् नंबर ओढ्याकडून लावू. सरजाबाईची झोपडी समद्यात आधी हुबी ऱ्हायली, एक नंबर तिचा."

म्हातारी सरजाबाई कानानं अधू. तिला शेजारणीनं ओरडून सांगितलं, तर ती म्हणाली, "मला कशाला, मला कोन खत लिवतंय?" भुजंग पुटपुटत निघून गेला. पण डांबराचा डबा दुसऱ्या दिवशी त्यानंच आणून दिला.

जिनिंगला सुट्टी असेल त्या दिवशी मायलेकी निघायच्या. सगुणा खडूनं आकडा काढायची, धुरपदाबाई काडीला चिंधी गुंडाळून त्यावर डांबर फिरवायची. ज्या घराला लिहिण्याजोगी भिंत नव्हती, तिथं पत्र्याचा तुकडा टांगला. धुरपदाबाईला अक्षरओळख नव्हती. चाळिसाव्या घराशी ती म्हणाली, "खडू राहू दे. आता मला येतंय." पुढं अडुसष्टचं शहाऐंशी झालं, ते खरवडून, चिखलानं लिंपून पुन्हा लिहिलं. तिसऱ्या सुट्टीला एकशे त्रेपन्न पुरे झाले.

दिनकररावांनी यादी बोटानं वरपासून खालपर्यंत वाचली आणि खिडकीजवळ टाचून ठेवली.

आठवड्याभरानं पोस्टमनची सायकल थेट गल्लीत आली. "एक्केचाळीस नंबर!" त्यानं हाक दिली. तो नंबर धुरपदाबाईच्या घराचा. बाया हातातली कामं टाकून दारात आल्या. पत्र लिंबाजीचंच होतं, टोळीतल्या कुणाकडून लिहून घेतलेलं: ऊस लय हाय, यायला उशीर व्हईल. त्यात आनंदाचं काही नव्हतं, तरी धुरपदाबाईनं ते दोनदा वाचून घेतलं.

अठ्ठ्याहत्तरमध्ये नगरपालिकेचा माणूस घरं मोजायला आला. गल्ली फिरला, मागं वळून पुन्हा फिरला. एकही आकडा चुकलेला नव्हता. त्यानं तेच नंबर वहीत उतरवले आणि विचारलं, "हे कुणाचं काम?"

धुरपदाबाई जिनिंगमधली पाळी संपवून येत होती, केसांत कापसाचे तंतू. "माझं," ती म्हणाली. एरवी ती 'आमचं' म्हणाली असती.

सगुणाचं एक वर्ष गेलं ते गेलंच. पण सत्त्याहत्तर साली पुन्हा बोलावणं आलं तेव्हा पोस्टमननं ते तिच्या हातात दिलं. एकोणऐंशीत ती देवगाव फाट्याजवळच्या शाळेवर मास्तरीण म्हणून रुजू झाली. पहिल्या दिवशी आई एसटीनं सोबत गेली. वर्गाबाहेर लिंबाखाली उभी राहून आतला लेकीचा आवाज ऐकत राहिली. मुख्याध्यापकांनी खुर्ची आणून ठेवली, "बसा आई."

धुरपदाबाईनं पदर नीट केला आणि खुर्चीत बसली. शाळा सुटेपर्यंत उठली नाही.